थोडे नवीन, जरा जुने : छंदी माणसासाठी ब्लॉगर आज किती कामाचं?

नागपूरच्या इतवारीहून नागभीडला जाणारी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, २०१९ मध्ये बंद झाली. उमरेडला गाडी किती वेळ थांबायची, डब्यातली बाकं आडवी होती की उभी, भिवापूरच्या पुढे खिडकीतून काय दिसायचं, असलं काही आज शोधायला बसलं तर फेसबुकवर फोटो ढिगानं मिळतात. वर ‘आमच्या लहानपणीची गाडी’, खाली बदामांची रांग. तारीख नाही, स्थानकाचं नाव नाही, आणि मागच्या पावसाळ्यात पाहिलेला फोटो आज पुन्हा काढू म्हटलं तर सापडत नाही. नेमकं काही हवं असेल तर शेवटी कुठल्यातरी जुन्या ब्लॉगस्पॉटचं दार ठोठवावं लागतं. पानाच्या तळाशी ‘थोडे नवीन’, ‘मुख्यपृष्ठ’, ‘जरा जुने’ असे दुवे असतात ना, तेच ते दार.

हे परीक्षण त्या ब्लॉगस्पॉटचं, म्हणजे गूगलच्या ‘ब्लॉगर’ या सेवेचं. पायरा लॅब्जनं ती १९९९ साली सुरू केली, २००३ मध्ये गूगलनं विकत घेतली, आणि गेली बरीच वर्षं ती गूगलच्या घरात माळ्यावर ठेवलेल्या ट्रंकेसारखी पडून आहे. फेकत नाहीत, पुसतही नाहीत. प्रश्न एवढाच की नागपुरातल्या एखाद्या रेल्वेवेड्यानं, अंबाझरीचे पक्षी टिपणाऱ्यानं किंवा गच्चीवर वांगी घेणाऱ्यानं आज नव्यानं नोंदी ठेवायच्या म्हटल्या, तर ब्लॉगर घ्यावं का? आमच्या मते घ्यावं. फक्त पहिल्या दिवशी तासभर सेटिंग्जला द्यावा. तो तास वाचवला की पुढे जे बिघडतं ते निस्तरताना नाकी नऊ येतात.

आधी इन्स्टाग्रामचं. तिथे एका फोटोखाली २,२०० कॅरॅक्टर बसतात. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण मराठीत काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘स्थानक’ डोळ्याला तीन अक्षरी, मोजणीत सहा. म्हणजे हातात उरतात साडेतीनशेच्या आसपास शब्द. त्यात दिलेला दुवा दाबून उघडत नाही, तक्ता घालता येत नाही. वाहवा हवी असेल तर जागा उत्तम, नोंदवही म्हणून शून्य. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल काय सांगावं? ‘गुड मॉर्निंग’च्या गुलाबाखाली गोरेवाड्याच्या पक्ष्यांची यादी गाडली गेली की ती ज्यानं टाकली त्यालाही सापडत नाही.

तर ब्लॉगर. खातं उघडल्यावर पहिलं काम नावाचं. रोमन लिपीतलं, छोटं, वर्ष किंवा आकडे नसलेलं नाव निवडा. पत्ता नंतर बदलता येतो, पण जुना पत्ता नव्याकडे आपोआप वळत नाही. लोकांनी जपून ठेवलेले सगळे दुवे एका रात्रीत मरतात. मग सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा मराठी करा. तारखा, महिन्यांची नावं, टिप्पणीची पेटी, सगळं मराठीत येतं. भाषांतर जुन्या वळणाचं आहे. ‘याची सदस्यत्व घ्या’ हे वाक्य कोणी पास केलं देव जाणे, पण ते वर्षानुवर्षं हजारो मराठी ब्लॉगांच्या तळाशी ठाण मांडून आहे आणि आता काढलं तर चुकल्याचुकल्यासारखं होईल.

भाषेसोबत टाइम झोन तपासा. बरेचदा तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा असतो. हिवाळ्यात तिथली वेळ आपल्या साडेतेरा तास मागे. सकाळी दहाला अंबाझरीहून परतून तुम्ही ‘यंदाचं पहिलं चक्रवाक’ अशी नोंद टाकली, तर ब्लॉगवर आदल्या दिवशीची रात्री साडेआठची वेळ पडते. स्वयंपाकाच्या ब्लॉगला यानं फरक पडत नाही. पक्षिनिरीक्षकाची मात्र सगळी वहीच एक दिवसानं खोटी ठरते. जीएमटी अधिक साडेपाच, कोलकाता, हा पर्याय निवडा. आणि निरीक्षणाची तारीख मजकुराच्या पहिल्या ओळीत हातानं लिहायची सवय लावा, कारण लिहिणं नेहमीच दोन-चार दिवस उशिरा होतं.

आता मराठीत लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट. ब्लॉगर प्रत्येक नोंदीचा कायमचा पत्ता, म्हणजे पर्मालिंक, शीर्षकावरून बनवतं. पण त्याला त्यातली फक्त रोमन अक्षरं आणि आकडे कळतात. ‘इतवारी ते नागभीड : नॅरोगेजचे थांबे’ असं शीर्षक दिलं की त्याच्या हाताला काहीच लागत नाही. मग ते पत्ता देतं ‘ब्लॉग-पोस्ट’. पुढच्या नोंदीला ‘ब्लॉग-पोस्ट’च्या पुढे अंडरस्कोर आणि कुठलातरी आकडा, त्यापुढच्या नोंदीला आणखी कुठला. शंभर नोंदींनंतर कुठला पत्ता कशाचा, हे पत्त्यावरून कोणालाही सांगता येणार नाही. शीर्षकात इंग्रजी आकड्यांत साल लिहिलं असेल तर पत्ता नुसतं ते साल होतो. हे तर आणखी वाईट, कारण तो अर्थपूर्ण असल्याचा भास होतो.

उपाय दहा सेकंदांचा आहे, पण तो ‘प्रकाशित करा’ दाबायच्या आधी करावा लागतो. लिहिण्याच्या चौकटीच्या उजव्या पट्टीत ‘पर्मालिंक’ उघडा, ‘कस्टम’ निवडा, आणि रोमन लिपीत दोन-तीन शब्द आडव्या रेषेनं जोडून टाका : इतवारी-नागभीड-थांबे, असं. जागा सोडायची नाही, देवनागरी चालत नाही. नोंद प्रकाशित झाली की ही चौकट कुलूपबंद होते. तरी बदलायचाच असेल तर नोंद पुन्हा मसुद्यात न्यावी लागते, आणि पत्ता बदलला की जुना दुवा तुटतो. तेव्हा सेटिंग्जमधल्या ‘एरर्स अँड रीडायरेक्ट्स’मध्ये ‘कस्टम रीडायरेक्ट्स’ आहे, तिथे जुना पत्ता आणि नवा पत्ता लिहून ‘पर्मनंट’ चालू करावं. दोन्ही पत्ते तिरक्या रेषेपासून सुरू करायचे, डोमेनचं नाव, म्हणजे ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’पर्यंतचा भाग, घालायचं नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं आणि रीडायरेक्ट चालत नाही म्हणून ते ब्लॉगरला शिव्या घालतात.

लेबलांचंही असंच एक दुखणं आहे. लेबल मराठीत द्या, वाचकाला तेच बरं. पण त्या लेबलचा दुवा कोणाला पाठवू नका. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह पत्त्यात तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन कॅरॅक्टरचा. ‘इतवारी’ या शब्दात सहा चिन्हं, म्हणजे पत्त्यात चोपन्न कॅरॅक्टरची टक्केवारी. व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा आला की समोरचा माणूस व्हायरस समजून दाबतच नाही. त्यापेक्षा एक वेगळं ‘पान’ बनवून त्यावर हातानं सूची करा : मार्गानुसार, हंगामानुसार, पिकानुसार. मेहनत आहे, पण छंदाच्या ब्लॉगचा कणा हाच. आणि स्पेलिंग एकच ठेवा. ‘नागभीड’, ‘नागभिड’, ‘नागभीर’ अशी तीन लेबलं झाली की एकाच गाडीचे डबे तीन फलाटांवर. इतवारी स्थानकाच्या नावापुढे आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव लागलंय, तेव्हा लेबल जुनं ‘इतवारी’ ठेवून नवं नाव मजकुरात एकदा लिहा. रोमन स्पेलिंगही मजकुरात एकदा यावं. शोधणारे निम्मे लोक इंग्रजी कीबोर्डवरूनच शोधतात.

दिसण्याबाबत ब्लॉगर मागासलेलं आहे, हे कबूल. थीमपैकी ‘काँटेंपो’ दिसते आधुनिक, पण मुखपृष्ठावर नोंदींचे तुकडेच दाखवते आणि मोबाइलवर जड चालते. आमची पसंती जुन्या ‘सिंपल’ला. तिचा मूळ फॉन्ट देवनागरीसाठी फारच बारीक आहे. थीम डिझायनरमध्ये फॉन्टची लांबलचक यादी दिसते, पण त्यातल्या बहुतेकांत देवनागरी नाहीच. त्यातला कुठलाही निवडला तरी मराठी मजकूर वाचकाच्या फोनमधल्या फॉन्टातच दिसतो, आणि लिहिणारा मात्र ‘फॉन्ट बदलूनही काहीच होत नाही’ म्हणून बसतो. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे गूगल फॉन्ट्सवरून फुकट मिळतात. त्यांची ओळ थीमच्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानामागच्या कोडमध्ये, ‘हेड’ भागात टाकायची आणि ‘अ‍ॅड सीएसएस’ या दिसण्याचे नियम लिहायच्या चौकटीत नाव द्यायचं. आकार १७ किंवा १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर १.७. अंतर १.४ वर सोडलं तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकतात. अक्षरांमधलं अंतर म्हणजे लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे होतात. तिरपी अक्षरं देवनागरीत वापरूच नका.

‘सिंपल’मध्ये एक गोम आहे. मोबाइलवर तिचं वेगळं रूप उघडतं आणि पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, एम, बरोबर, एक अशी शेपटी लागते. फोनवरून दुवा पाठवताना ती शेपटी कापा. नाहीतर संगणकावर उघडणाऱ्यालाही मोबाइलचं चिंचोळं पान दिसतं, आणि बाजूची सूची गायब.

मजकूर वर्डमधून चिकटवत असाल तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही. नुसतं कंट्रोल-व्ही केलं तर वर्ड आपला सगळा संसार सोबत आणतो : दर परिच्छेदाचा फॉन्ट वेगळा, आकार वेगळा, आणि मग वर सांगितलेलं सीएसएस लागूच होत नाही. जुनं लेखन टायपिस्टकडून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये करून घेतलेलं असेल, आणि नागपुरात ते असतंच, तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागेल. थेट चिकटवलं तर इंग्रजी अक्षरांचा भुगा उतरतो. बदलणारी साधनं फुकट मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘र्‍हस्व इ’ एक अक्षर पुढे-मागे सरकणं ही तर ठरलेली चूक.

तक्ता. छंदाच्या नोंदीचा जीव तक्त्यात असतो, आणि ब्लॉगरच्या साध्या लेखनचौकटीत तक्त्याचं बटणच नाही. गूगल शीट्समधून चिकटवला तर येतो, पण रुंदी ठोकळ्यासारखी ठरलेली असते आणि मोबाइलवर उजवीकडचा रकाना पडद्याबाहेर जातो. म्हणून तीनपेक्षा जास्त रकाने करू नका. गच्चीवरच्या बागेसाठी भाजी, पेरणीची तारीख, पहिल्या तोडणीची तारीख, बस. ‘शेरा’ हा चौथा रकाना घालायचा मोह होतोच. शेरा तक्त्याखाली लिहा. ‘मे महिन्यात हिरव्या जाळीखालीही टोमॅटोचा मोहोर गळाला’ असं वाक्य रकान्यात कोंबलं तर फोनवर एकेका शब्दाची ओळ होते. जास्त रकाने टाळताच येत नसतील तर एचटीएमएल दृश्यात जाऊन सगळा तक्ता एका ‘डिव्ह’मध्ये घाला आणि त्याला आडवं सरकण्याची, म्हणजे ओव्हरफ्लो-एक्स ऑटोची, मुभा द्या.

फोटो टाकण्याआधी लांब बाजू १,६०० पिक्सेलवर आणा. ब्लॉगर फोटो पानात लहान करून दाखवतं, आणि तो आकार फोटोच्या पत्त्यातच लिहिलेला असतो : एस आणि त्यापुढे ३२०, असा. जुन्या वेळापत्रकाचा किंवा नाण्याच्या कडेचा फोटो धूसर दिसत असेल तर एचटीएमएल दृश्यात तो आकडा १६०० करा, वेगळं काही चढवावं लागत नाही. वेळापत्रकाचा फोटो टाकलात तरी गाड्यांच्या वेळा खाली टाइप करा. फोटोतली अक्षरं शोधून सापडतील या भरवशावर राहू नका. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कूलरपुढे बसून करायचं काम म्हणजे हेच, जुन्या फोटोंना तारखा आणि ओळी लावायचं.

टिप्पण्यांच्या बाबतीत ब्लॉगर अजूनही फेसबुकच्या पुढे आहे, असं आमचं ठाम मत. कारण सोपं : टिप्पणी नोंदीला चिकटून राहते आणि आठ वर्षांनीही येऊ शकते. मोतीबाग वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एखादे काका कधीतरी वाचतात आणि ‘हे इंजिन झेडई वर्गातलं नव्हे, नंबर नीट पाहा’ असं लिहून जातात. अशी एक दुरुस्ती शंभर अंगठ्यांना भारी. पण काकांना लॉग-इन करायला लावलं तर ते लिहिणार नाहीत. म्हणून ‘कोण टिप्पणी करू शकतं’ यात ‘कोणीही’ ठेवा आणि मॉडरेशन, म्हणजे तुमच्या मंजुरीनंतरच टिप्पणी दिसणं, ‘नेहमी’. फक्त जुन्या नोंदींपुरतं मॉडरेशन ठेवण्याचाही पर्याय आहे, पण ‘कोणीही’ सोबत तो पुरत नाही. कर्जाच्या आणि जुगाराच्या जाहिराती ताज्या नोंदींवरही येतात. सूचना मिळण्यासाठी ईमेल पत्ता तिथेच खाली भरायचा असतो. तो रिकामा राहिला की टिप्पण्या महिनोन्‌महिने मंजुरीची वाट पाहत पडून राहतात, आणि लिहिणारा समजतो की कोणी वाचूनच नाही राहिलं.

वाचक कुठून येणार, ही ब्लॉगरची खरी कमजोरी. आवडत्या ब्लॉगांच्या नव्या नोंदी एका जागी दाखवणारं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद झालं आणि ‘नवीन नोंद आली’ हे कळण्याची सवयच मोडली. ईमेलनं नोंद पाठवणारी फीडबर्नरची सोय २०२१ मध्ये गेली. त्या पेटीचा सांगाडा काही जुन्या ब्लॉगांवर अजून दिसतो. पत्ता भरला तरी काही होत नाही, तुमच्याकडे असेल तर काढून टाका. फीड, म्हणजे नव्या नोंदींची आपोआप बनणारी यादी, मात्र आजही जिवंत आहे. ब्लॉगच्या पत्त्यापुढे फीड्स, पोस्ट्स, डिफॉल्ट हे तीन शब्द तिरक्या रेषांनी जोडले की फीडली किंवा इनोरीडर अशा फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये ब्लॉग येतो. सेटिंग्जमध्ये फीड ‘फुल’ ठेवा. बाकी लोकांना व्हॉट्सअ‍ॅप ब्रॉडकास्ट बरं : एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं. दोनच माणसांना पोचलं म्हणून हिरमुसू नका, बाकीच्यांनी नंबर सेव्ह केलेला नसतो. गूगलच्या शोधात येण्यासाठी गूगलच्याच सर्च कन्सोलमध्ये साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, एकदा द्यावा लागतो. ब्लॉगर तो स्वतः बनवतं, ब्लॉगच्या पत्त्यापुढे ‘साइटमॅप डॉट एक्सएमएल’ एवढंच.

जुने ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी एक खूण. मधली काही वर्षं भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट इन या पत्त्यावर वळवलं जायचं. तेव्हा जपून ठेवलेले दुवे ‘डॉट इन’चे. २०२० मध्ये ते डोमेन गूगलच्या हातून निसटलं, आणि असंख्य लोकांना वाटलं की आवडते ब्लॉग गेले. गेलेले नाहीत. पत्त्यातलं ‘इन’ काढून ‘कॉम’ घाला, पान उघडतं. तुमच्या स्वतःच्या जुन्या नोंदींत असे दुवे असतील तर तेही बदला.

स्वतःचं डोमेन घ्यावं का? रेल्वे किंवा नाण्यांसारख्या छंदाला आम्ही नको म्हणू. नूतनीकरण एक वर्ष विसरलं की ब्लॉगस्पॉटचा मूळ पत्तासुद्धा त्या मेलेल्या डोमेनकडेच वाचकाला ढकलत राहतो. सेटिंग्जमध्ये जाऊन कस्टम डोमेन काढेपर्यंत हे चालतं, आणि ते काढणारा माणूसच नसेल तर ब्लॉग असून नसल्यासारखा. वर्डप्रेस डॉट कॉम दिसायला सरस आहे, तक्तेही तिथे सोपे, पण फुकट योजनेत जाहिराती झळकतात. व्हिडिओ हाच ज्यांचा छंद, त्यांनी यूट्यूबवरच राहावं.

उरली भीती : गूगल हेही बंद करेल का? ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. त्यामुळे भीती रास्त आहे, आणि तिच्यावर इलाज बॅकअपचा. गूगल टेकआउटमध्ये फक्त ‘ब्लॉगर’ निवडून सहा महिन्यांतून एकदा सगळं उतरवून घ्या. फाइल आली एवढ्यावर समाधान मानू नका, उघडून पाहा. नोंदी आणि टिप्पण्या एका फाइलमध्ये असतात, फोटो त्या मजकुरात नसतात, नुसते त्यांचे पत्ते असतात. मूळ फोटो वेगळ्या डिस्कवर, नोंदीच्या पर्मालिंकचंच नाव दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. महत्त्वाच्या पंचवीस-तीस नोंदी वेबपानं जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या ‘सेव्ह पेज नाऊ’मध्येही टाका.

सेवा बंद होण्यापेक्षा खातं बंद होण्याचा धोका जवळचा. दोन वर्षं कोणी न उघडलेलं वैयक्तिक खातं गूगल मिटवू शकतं, हा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. छंदाचे ब्लॉग लिहिणाऱ्यांत निवृत्त माणसं पुष्कळ, आणि पासवर्ड त्यांच्यासोबतच जातो. म्हणून सेटिंग्जमधल्या ‘परवानग्या’ उघडून मुलीला, पुतण्याला किंवा छंदातल्या विश्वासू सोबत्याला निमंत्रण पाठवा. ते ईमेलनं जातं आणि समोरच्यानं स्वीकारावं लागतं. स्पॅममध्ये पडतं, फोन करून सांगा. स्वीकारल्यावर तो माणूस ‘लेखक’ म्हणून येतो आणि त्याला फक्त स्वतःच्या नोंदी दुरुस्त करता येतात. त्याच यादीत त्याच्या नावापुढचं ‘लेखक’ बदलून ‘प्रशासक’ करायचं असतं, आणि ते तुम्हालाच करावं लागतं.